एकतीस नंबरचं झाकण

३ मार्च, सोमवार

अकरा पेशंट झाले. सकाळी दवाखान्यातून फोन — शिंप्याला टायफॉइड, त्याच्या मेहुणीलाही. सगळे पेशंट वरच्या वस्तीतले. आणि दुपारपर्यंत वरच्या वस्तीचं एकमतही झालं — प्लांटचं पाणी! म्हणजे माझं.

नऊ वर्षं मी हे पाणी तपासतेय. तिन्ही वस्त्यांचा मैला पाइपातून खाली येतो, टाक्यांमध्ये बसतो, मग हवेच्या टाकीत ढवळला जातो, लव्हाळ्याच्या तळ्यातून संथपणे निथळतो, शेवटी क्लोरीन, आणि तिथून कालव्याने खालच्या वस्तीच्या मळ्यांना. वरचे देतात घाण, खालचे देतात भाजी. करारच आहे तसा — प्रत्येक तोडणीतली पहिली पाटी वरच्या वस्तीतल्या तीस घरांना. नऊ वर्षं कोथिंबीर, पुदिना, मुळे मिटक्या मारत खाल्ले. कुठल्या पाण्यावरचे, हे कुणी विचारलं नाही. आज अचानक सगळ्यांना वास यायला लागला.

समितीचे अध्यक्ष स्वतः प्लांटवर आले. नाकाला रुमाल. "बाई, चोवीस तारखेला बैठक. तोवर कारण सापडलं तर ठीक, नाहीतर कालव्याचं दार बंद. पाणी थेट ओढ्यात." म्हणजे नऊ वर्षांपूर्वी होतं तसंच. माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, सगळा मळा त्या कालव्यावर आहे. आठ-दहा दिवस पाणी तुटलं की उभं पीक वाळणार. आणि एकदा बंद केलेलं दार हे लोक पुन्हा उघडायचे नाहीत, मी ओळखून आहे ह्यांना.

४ मार्च

कालव्याचे सहा ठिकाणचे नमुने घेतले. ताईचा फोन चारदा. "तू आहेस ना तिथे?" आहे गं बाई. मी आहे म्हणूनच सगळे माझ्याकडे बोट दाखवताहेत.

६ मार्च

कालवा स्वच्छ. सहाच्या सहा. रिपोर्ट घेऊन अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चष्मा न लावताच वाचल्यासारखं केलं. "आजचं चांगलं असेल हो. तीन आठवड्यांपूर्वीचं दाखवा." तीन आठवड्यांपूर्वीचं पाणी कोथिंबिरीत गेलं आणि कोथिंबीर तुमच्या पोटात गेली, ते कुठून दाखवू? हे मनातल्या मनात. रिपोर्ट गुंडाळला आणि निघाले.

दवाखान्यातली नवी डॉक्टरीणबाई मात्र कामाची निघाली. लहानखुरी आहे, भराभर बोलते, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. पण डोकं जागेवर. म्हणाली, "खालच्या वस्तीत एकही पेशंट नाही, लक्षात आलंय का? दिवसभर त्या पाण्यात उभे राहणारे धडधाकट आणि पाटी पोचते तिथे ताप. मला पाण्याचा संशय नाही. हातांचा आहे."

काही माणसं टायफॉइडमधून बरी होतात पण जंतू त्यांच्या पित्ताशयात ठाण मांडून बसतात. वर्षानुवर्षं. त्यांना स्वतःला काही होत नाही, त्यांच्या हातचं खाणाऱ्यांना होतं. बहुतेक वेळा बायका, वय झालेल्या, असं ती म्हणाली. असा माणूस शोधायचा कसा? घरोघरी डबी घेऊन गेले तर लोक झाडू काढतील. पण शौचाला तर सगळेच जातात, आणि ते सगळं शेवटी माझ्याकडेच येतं.

युक्ती तिनेच सांगितली. गॉजची घडी करायची, मासेमारीच्या दोऱ्याला बांधायची आणि चेंबरमध्ये वाहत्या मैल्यात दोन दिवस सोडून ठेवायची. जंतू असतील तर त्यात अडकतात. मग लॅब. जिथे सापडले ती लाइन धरून एक फाटा वर जायचं, पुन्हा गॉज. असं करत करत घरापर्यंत. अठरा दिवस आहेत. प्रत्येक फेरीला पाच.

७ मार्च

मुकादमाला घेऊन वरच्या वस्तीतले सात चेंबर उघडले, गॉज सोडला. हा माणूस तीस वर्षं झाकणं उघडतोय. "मॅडम, कुणाच्या घरी पाहुणे आलेत ते मी इथूनच सांगतो." सांगितलंही. मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ऐकलं.

नकाशा माझाच, मी नोकरीला लागले तेव्हा काढलेला. कुठल्या घराची लाइन कुठल्या चेंबरला, सगळं त्यात. प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलाय. मुकादम म्हणतो, लग्नातल्या फोटोग्राफरसारख्या दिसताय.

९ मार्च, रविवार

सातही घड्या काढल्या. लॅबला पाठवल्या. आता वाट बघणं.

आज सुट्टी, तरी घरी पाटी आलीच. ताई मळ्यातून तोडून पाठवते आणि निवडणं-बांधणं आमच्याकडे. आई पाटी पुढ्यात घेऊन बसते. पिवळी पानं काढते, मुळं कापते, टबात खळबळून धुते. मी कामावरून आले की शेजारी बसून जुड्या बांधते — दोरा गुंडाळायला तिची बोटं आता वळत नाहीत. बाबा गेल्यावर आई नुसती भिंतीकडे बघत बसायची. ताईनेच हे काम तिच्या अंगावर टाकलं. आता पाटीला पाच मिनिटं उशीर झाला तर आई दारात उभी! नवरा म्हणतो, घराचा बाजार केलाय दोघींनी. म्हणू दे. त्या तासाभरात आम्ही मायलेकी जेवढ्या बोलतो तेवढ्या एरवी आठवडाभरात बोलत नाही.

११ मार्च

तेरा पेशंट.

रिपोर्ट आला. सातपैकी एक. पाण्याच्या टाकीच्या बाजूची लाइन. बाकी सहा कोरे. इतका आनंद झाला की लॅबवाल्याला फोनवर शाबास म्हणाले. मग शिंप्याची आठवण झाली आणि लाज वाटली.

लगेच वरचे पाच चेंबर गाठले, गॉज सोडला.

१२ मार्च

शिंप्याचं ऑपरेशन. आतड्याला भोक पडलं होतं. माझे सगळे ब्लाउज त्याने शिवलेत. मापं त्याला तोंडपाठ. दरवेळी म्हणतो, एक इंच वाढवू का, ताई? आणि मी दरवेळी नाही म्हणते.

१६ मार्च, रविवार

एकतीस नंबर!

पाचात तो एकच. नकाशा उघडला. एकतीसला तीन घरं. एकाला दोन वर्षं कुलूप. दुसऱ्यात नवराबायको, दोघं सकाळी जातात ते संध्याकाळी येतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिसरं घर डबेवाल्या काकूंचं. रोज अठरा डबे. आणि तेरापैकी आठ पेशंट त्यांचा डबा खाणारे. वय बासष्ट.

काकूंचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. सापडलं. पाणी सुटलं, ताई सुटली. इथे कोण वाचतंय, लिहून टाकते.

१७ मार्च

डॉक्टरीणबाईंबरोबर काकूंकडे गेले. हळू आवाजात, दार लोटून सगळं सांगितलं. काकूंनी हातातली कणीक तशीच ठेवली. म्हणाल्या, "तुझं पोट दुखायचं तेव्हा बिनतेलाचा डबा महिनाभर कोण पाठवत होतं?" मी म्हटलं, "काकू, आरोप नाही हो, तपासणी आहे." त्या म्हणाल्या, "दारात दवाखान्याची गाडी उभी करून तपासणी?"

खरंच की. गाडी कोपऱ्यावर थांबवायला हवी होती. सुचलंच नाही. तासाभरात गल्लीभर झालं. संध्याकाळी समितीचा माणूस येऊन दारावर कागद चिकटवून गेला — स्वयंपाकघर बंद. अठरा डबे परत आले. काकू रिकामे डबे घासत बसल्या होत्या, म्हणे.

१८ मार्च

ताई खुशीत. "सापडलं ना? आता दार बंद नाही ना करणार?" थांब म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. पण मलाही खात्रीच होती.

२० मार्च

काकूंचे तिन्ही नमुने स्वच्छ.

दोनदा वाचलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुमचं एकतीस नंबर खोटं बोलत नाही. मग नकाशा बोलत असेल."

मुकादमाला विचारलं. तो डोकं खाजवत राहिला. "मॅडम, हा नकाशा काढताना रंग सोडला होता का प्रत्येक संडासात?" नव्हता. प्रत्येक घरमालकाला विचारलं होतं, तुमची लाइन कुठे जाते? त्यांनी बोट दाखवलं, मी रेघ मारली. दोनशे घरं होती, मी नवी होते, आठवड्यात नकाशा हवा होता. रंग सोडायला महिना लागला असता.

अशा नकाशावर मी एका बाईची चूल विझवली.

चार दिवस उरले.

२१ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

मुकादम एकतीसच्या झाकणापाशी, मी बादली आणि रंगाच्या पुड्या घेऊन घरोघर. दार वाजवा, माफ करा म्हणा, संडासात लाल रंग ओता, दोन बादल्या पाणी, मुकादमाला फोन. पहिलं काकूंचं घर. त्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. रंग सोडला. मुकादम फोनवर, "काही नाही." मग दोन चेंबर पुढे धावत गेला — तेहतीसमध्ये लाल. म्हणजे काकूंची लाइन कधी एकतीसला नव्हतीच. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. मी मान वर केली नाही.

मग नवराबायकोचं घर — नाही. कुलूपबंद घर शेजाऱ्याकडून किल्ली घेऊन — नाही. समोरची रांग, सहा घरं — नाही, नाही, नाही. दुपारचे दोन. उन्हाने डोकं भणभणलेलं. मुकादम म्हणाला, "मैला तर वाहतोय धो धो. गल्लीतला नाही, मग पाठीमागून कुठून तरी घुसलेला दिसतोय." आणि हसून म्हणाला, "आता एवढ्या भागात तुमचंच राहिलं, मॅडम."

आमचं घर त्या गल्लीला पाठ करून आहे. दार मोठ्या रस्त्यावर. नकाशात आमची रेघ मोठ्या रस्त्याला जाते, कारण घर बांधणाऱ्याने तसं सांगितलं होतं. मीही हसले. राहिलं तर राहिलं, म्हटलं, तेही करून टाकू.

घरी आई झोपली होती. पुडी सोडली. एक बादली. दुसरी बादली. फोन हातात. मी म्हटलं, "हॅलो, आहात ना?"

"आहे," म्हणाला. "लाल आलं."

फोन बंद करून तिथेच फरशीवर बसले. बाहेर आई कुशीवर वळल्याचा आवाज आला. आई. पंचाहत्तर वर्षांची. रोज तीस घरांची भाजी हाताळणारी. पेशंट सगळे पाटीतले. सगळं एका सेकंदात जागच्या जागी बसलं आणि मला ते बसायला नको होतं.

२२ मार्च

ताईला फोन केला. तिला सगळं आठवतंय — मोठी ना. "आईला झाला होता टायफॉइड. आपण लहान होतो. केस गळून टक्कल पडलं होतं तिला."

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या तिघांचेही तीन दिवसांचे नमुने मागितले. मी म्हटलं, आईचेच पुरेत. "तिघांचेही," म्हणाली. बरं बाई. नवरा जाम वैतागला.

संध्याकाळी आईशी बोलले. पाटी यायच्या आत. शब्द जुळवून ठेवले होते, एकही उपयोगी पडला नाही.

"आई, तुला टायफॉइड झाला होता ना?"

"मलाच कशाला, तेव्हा सगळं घर आडवं होतं."

"काही दिवस भाजीला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरातही नको."

तिने भाजी धुवायचा टब पुढे ओढला. माझ्या तोंडून निघून गेलं — "हात नीट धुतेस ना तू?" पंचाहत्तर वर्षांच्या बाईला विचारलं मी. जिने मला हात धुवायला शिकवलं तिला.

तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, "तूही कामावरून येतेस ती तशीच दोऱ्याला बसतेस. मी विचारलं कधी?"

हे तिचं नेहमीचं, उलटं माझ्यावरच. मी म्हटलं, विषय बदलू नकोस. दिवसभर हातमोजे घालून वावरते मी, मला कुणी शिकवायला नको. मग पाटी आली. माणसाला दारातूनच परत पाठवलं. आई उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

२३ मार्च, रविवार

रिपोर्ट सत्तावीसला. बैठक उद्या. डॉक्टरीणबाई म्हणते, रिपोर्टाशिवाय कुणाचं नाव घेऊ नका, एकदा तोंड पोळलंय ना? पोळलंय. पण मोघम बोलले तर अध्यक्ष दार बंद करणार. ताईचं पीक, खालच्या वस्तीतली चाळीस घरं. आणि काकूंच्या दारावरचा तो कागद. हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आई.

नवरा म्हणाला, "चार दिवस मागून घे." मागितले. सकाळीच फोन केला होता अध्यक्षांना. "उद्या म्हणजे उद्या," एवढंच.

२४ मार्च

सांगितलं.

हॉल भरलेला. मी उभी राहिले, गॉज कसा सोडला ते सांगितलं, लाल रंगाचं सांगितलं, नकाशा चुकीचा होता आणि तो मी काढला होता हेही सांगितलं. काकूंची सर्वांसमोर माफी मागितली. मग म्हटलं, एकतीसमध्ये येणारी लाइन माझ्या घरची आहे. पाटीतली भाजी माझी आई निवडते. तिला पूर्वी टायफॉइड होऊन गेलाय. आता ती भाजीला हात लावणार नाही. पाणी स्वच्छ आहे.

 मग मागून एक बाई म्हणाली, "सख्ख्या आईचं नाव घ्यायचं म्हणजे छाती लागते." दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मी खाली बसले. अध्यक्षांनी खाकरून सांगितलं, दार उघडं राहील, भाजी बांधायचं काम मळ्यावरच होईल, काकूंचा कागद काढा.

बाहेर ताई भेटली. मला वाटलं मिठी मारेल. म्हणाली, "कालवा वाचवलास. पण आईला पुढे करून." आणि चालू पडली. काकू पायऱ्यांवर होत्या. त्या म्हणाल्या, "आईला सांग, लोक विसरतात असं म्हणतात. माझ्या अठरातल्या चौघांनीच आत्ता सांगितलंय, डबा परत सुरू करा."

घरी पोचले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आईने स्वतःच आपली चटई बाहेरच्या खोलीत टाकली होती. ताट, वाटी, पेला वेगळा काढून उशाशी ठेवला होता. मला बघून म्हणाली, "दमलीस? चहा टाकला असता, पण नको म्हणालीस ना."

२५ मार्च

नवा पेशंट नाही. शिंपी शुद्धीवर आहे, पेज घेतो.

ताई फोन उचलत नाही. आईकडे कुणी फिरकत नाही. शेजारीण दारातूनच, दहा हातांवरून, "बऱ्या आहात ना?" आई म्हणते, "मला काय धाड भरलीय." पोळ्या मी करते, भाजी मी चिरते, ताट मी नेऊन ठेवते. आई बसल्या जागेवरून माझे हात बघत असते. करू दे ना काहीतरी, म्हणते. नाही म्हणते मी. तिच्याशी इतकं कठोर मी आयुष्यात वागले नाही आणि दर वेळी स्वतःला बजावते की हे तिच्यासाठीच आहे, सगळ्यांसाठी आहे.

२७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी सातला डॉक्टरीणबाईंचा फोन. आईचे तिन्ही नमुने स्वच्छ. नवऱ्याचेही. मग ती थांबली — कधी थांबत नाही ती. म्हणाली, "तुम्ही आधी बसा."

मी उभीच होते, आईचं ताट वाढत. बाहेरून आई विचारत होती, कुणाचा फोन गं?